बसी जाई, भाऊ!

जळगावात सायकलच्या दुकानासमोर उभं राहून मोठ्याने ‘बीबी बदलायचीय’ असं म्हणू नये. चहावाला, पानवाला आणि पंक्चरवाली दोन गिऱ्हाइकं एकदम वळून बघतात. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात तो मधला एक्सल आणि त्याचं बेअरिंग. त्यातून उत्तरही ठरलेलं: ‘‘बसी जाई, भाऊ!’’

खान्देशात हा आशीर्वाद पलंगाच्या पायालाही मिळतो आणि विहिरीवरच्या मोटारीलाही. हाताशी हातोडा असला की बहुतेक गोष्टी बसतातही. कॉटर पिनवाल्या काळ्या सायकलीत तर बसतंच. दोन कप, एक एक्सल, बाजूला ११-११ छर्रे, वर ग्रीसचा गोळा, आणि मग वर्षानुवर्षं बघायला नको. गोल ट्रॅकवरच्या शर्यतीची ट्रॅक सायकल मात्र भरीत पार्टीला येऊन ‘तिखट नको, तेल नको’ म्हणणाऱ्या पाहुण्यासारखी. तिला दोन मिलिमीटरही खुपतात.

मुळात बीबी ‘निवडायची’ नसतेच. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, निवडायचा, बीबी त्याच्यामागून येते. सुगिनो आरडी२ क्रँकला १०३ मिमीचा एक्सल लागतो, कॅम्पाग्नोलोच्या पिस्टाला १११ चा. दुकानात पडून असलेली ११३ आरडी२ला लावली, तर दर बाजूला ५ मिमी बाहेर. ट्रॅकची चेनलाइन, म्हणजे सायकलच्या मधल्या रेषेपासून चेनपर्यंतचं अंतर, साधारण ४२ मिमी. तुमची पुढे ४७ झाली. चेन जात्यासारखी घरघरते, ते एक वेळ सोसेल. पण ट्रॅकच्या फिक्स गिअरला फ्रीव्हील नाही, चाक फिरतं तोवर पॅडलही फिरतंच. चेन उतरून अडकली की मागचं चाक जागेवर जाम, आणि तुम्ही सायकलच्या पुढे.

मागचं माप आधी घ्या. ट्रॅक हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी १२०, निम्मे ६०. बाहेरच्या लॉकनटच्या तोंडापासून कॉगच्या (मागच्या दातेरी चाकाच्या) दातांच्या मधोमध १८ भरले तर ६० वजा १८, म्हणजे ४२. पुढे सीटखालच्या उभ्या नळीच्या, सीट ट्यूबच्या पृष्ठभागापासून चेनरिंगच्या (पुढच्या दातेरी चाकाच्या) दातापर्यंत मोजा आणि ट्यूबच्या व्यासाचा निम्मा मिळवा, २८.६ ची ट्यूब असेल तर १४.३. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. एक्सल दोन्हीकडे सारखा असेल तर २ मिमी लांब घेतल्यावर चेनरिंग १ मिमीच सरकते, हा हिशेब गणितात पास झालेलेही चुकवतात. उलट फार आखूड घेतला तर चेनरिंग चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला, घासते.

आता खरी मेख. एक्सलचं चौकोनी टोक दोन जातीचं असतं, जपानी मापाचं जेआयएस आणि आंतरराष्ट्रीय मापाचं आयएसओ. उतार दोन्हींचा २ अंशच, नजरेला जुळी भावंडं. पण आयएसओचा क्रँक जेआयएस एक्सलवर चढवला तर सुमारे साडेचार मिमी बाहेरच थांबतो. उलट केलं तर इतका आत जातो की बोल्ट आवळूनही पकड येत नाही. ‘बसी जाई’ इथे शब्दशः खरं ठरतं, म्हणून जास्त घातक. शिमानोची सीलबंद कार्ट्रिज (छर्रे आतच बंद असलेली तयार बीबी) जेआयएस असते. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीत मी तरी उघड्या छर्‍यांऐवजी सीलबंदच घेईन.

फ्रेमच्या शेलचंही, म्हणजे बीबी ज्यात बसते त्या नळीचंही, बघावं लागतं: इंग्लिश ६८ मिमी रुंद, इटालियन ७०. आटे वेगळे, एकाचं दुसऱ्यात जात नाही. इंग्लिश शेलला चेनच्या बाजूचे आटे उलटे, म्हणजे सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. पॅडलला हेच डावीकडे. ही माहिती नसताना तीन फुटी पाइप लावून जोर करणारे पैलवान गावोगावी आहेत, आणि तो जोर आटे गिळतात. कार्ट्रिजचं २० दात्यांचं टूल नुसतं धरून फिरवलं की निसटतं आणि दाते गुळगुळीत होतात. क्रँकचाच बोल्ट जाड वायसर घालून त्यावर हलका आवळा, टूल बसून राहतं. आटा सुटायला लागला की बोल्ट ढिला करत जा.

बसवताना आट्यांना ग्रीस, उजवी बाजू आधी, पहिली दोन-चार वेटोळी हातानेच; मग ५० ते ७० न्यूटन मीटर जोराने आवळा. हा जोर मोजणारा टॉर्क पाना मागितला तर दुकानदार मान वर न करता विचारतो, ‘‘तो काय करता, भाऊ?’’