‘दहा मिनिटांच्या कामाचे बाराशे’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल क्षमस्व. तुम्ही मराठीत लिहिलंत, तेव्हा मीही मराठीतच उत्तर देतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातली आपली बरीच माणसं हे वाचतात आणि एक तारा बघून पुढच्या दुकानात जातात.

तुमचं म्हणणं असं, की तुमचा कॅसेटवाला मिनी डीव्ही कॅमेरा चांगला चालत होता, आम्ही दहा मिनिटं हेड (टेप वाचणारा भाग) पुसलं, आठवडा लावला, बाराशे घेतले, फोन उचलला नाही आणि मुंजीच्या व्हिडिओत चित्र फुटून चौकोन दिसतातच. आठवड्याचं आधी सांगतो. कॅमेरा भर पावसात स्कूटरवरून आला. चालू केल्याबरोबर स्क्रीनवर सी:२१ आलं. त्याचा अर्थ आत दमट झालंय. अशा वेळी कॅसेट घातली तर टेप ओल्या ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला, चिकटते आणि गुंडाळून तुटते. म्हणून तो सिलिका जेलच्या डब्यात सुकवत ठेवला. त्यात मध्ये रविवार आला.

आता ‘दहा मिनिटं’. हे मात्र मनाला लागलं.

हेड पुसायला दहा मिनिटं लागतात, बरोबर आहे. पण हेड पुसून तुमची कॅसेट चालली नाही! माझ्याकडची तपासणीची कॅसेट तुमच्या कॅमेऱ्यात लावली, तर चित्र स्वच्छ. तुमची मुंजीची लावली, की सगळीकडे चौकोन आणि आवाज तुटक. म्हणजे दोष कॅमेऱ्यात नव्हता. तुम्हीच काउंटरवर म्हणालात, की शूटिंग दिरांच्या कॅमेऱ्यावर झालं होतं, आणि तेही एलपीवर (लाँग प्ले), साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं मावावीत म्हणून. टेपवर चित्र बारीक रेघांत साठतं. मिनी डीव्हीत एसपीची, म्हणजे नेहमीच्या रेकॉर्डिंगची, रेघ १० मायक्रॉन रुंद असते, एलपीची ६.७ च्या आसपास. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा दहा रेघा बसतील. मिनिटाला ९००० फेरे घेणाऱ्या हेडने नेमकी तीच रेघ पकडायची, आणि रेघा ओढल्यात दुसऱ्याच कॅमेऱ्याने. एलपीची कॅसेट दुसऱ्या मशीनवर नीट चालेलच असं नाही, हे कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या पुस्तिकेतही लिहिलेलं असतं.

मग कॅमेऱ्याची बाजू उघडून टेपला वाट दाखवणारे गाइड किंचित फिरवत, पडद्याकडे बघत, चौकोन कमी होईपर्यंत जुळवावं लागतं. त्यानंतर कॉपी. डीव्हीची कॉपी पेन ड्राइव्हवरून फाइल घेतल्यासारखी होत नाही, नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच चालते, आणि कुठे अडकली तर मागे घेऊन पुन्हा. शेवटी गाइड पूर्ववत केले, नाहीतर तुमच्या स्वतःच्या बाकीच्या कॅसेट चालल्या नसत्या. यातले चारशे कॅमेऱ्याचे आणि आठशे कॉपीचे. या कॅमेऱ्यांचे पार्ट आता नवे मिळत नाहीत, जुने कॅमेरे विकत घेऊन त्यांतून काढतो.

उरलेले चौकोन मातृभोजनाच्या भागात आहेत, हे मला माहीत आहे, आणि तोच भाग तुम्हाला हवा होता हेही. तिथे टेपला आडवी घडी पडली आहे. कॅसेटची झडप उचलून त्या जागी आणलीत तर डोळ्यांनी दिसेल. चुरगळलेल्या जागेवरचं चित्र पुसून परत येत नाही, कोणाच्याही दुकानात.

एक गोष्ट इथे लिहायची नव्हती. कॅमेरा ‘चांगला चालत होता’ म्हणता, पण ड्रमच्या कडेला कापसाचा तंतू अडकला होता आणि आत अत्तराचा वास होता. आमच्या मुलाला तुम्ही सांगितलंत, की घरी इअरबडने साफ करून आणलाय. हेडवर बड वर-खाली फिरवला तर हेडचं टोक तुटतं, मग कॅमेरा भंगारातच. तुमचं वाचलं, ही देवाची कृपा. मी तेव्हा काही बोललो नाही. आणि मालक ऐकून घेत नाहीत असं लिहिलंत! विश्वामित्रीच्या पुरानंतर चिखलाने भरलेल्या कॅसेट घेऊन लोक आले, तेव्हा प्रत्येकाचं ऐकूनच घेतलं होतं.

यापुढे पावतीवर काय काम केलं ते थोडक्यात लिहून देण्याचं बघतो. फोन उचलला जात नाही, त्याचंही काहीतरी करू, एकटा माणूस कॅसेट चालू असताना उठू शकत नाही. दिरांचा तो जुना कॅमेरा कुणाकडे पडून असेल तर घेऊन या, बंद असला तरी चालेल. त्याच मशीनवर घडीच्या आजूबाजूचं थोडं जास्त निघू शकतं. त्याचे पैसे घेणार नाही. ताऱ्यांचं तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.

कॅसेटच्या मागची खिटी मी ‘सेव्ह’कडे सरकवली आहे, ती तशीच राहू द्या, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. सोमवार ते शनिवार, सकाळी अकरानंतर दुकान उघडं असतं.