शेजारच्या वर्गातला गलका

परवा शेजारच्या वर्गात इतका गलका चालला होता की मी दटावायलाच गेले. बघते तर फिजिक्सचे सर खिडकीशी शांत उभे आणि पोरं एकमेकांशी तावातावाने भांडतायत. फळ्यावर एकच प्रश्न : सरळ वर फेकलेल्या दगडाचं सर्वांत उंच टोकाला त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर) किती?

आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवून रंगीत कार्ड वर करायचं. (कार्डं म्हणजे कापलेल्या लग्नपत्रिका!) निम्म्याहून जास्त वर्ग म्हणाला शून्य. सरांनी चूक-बरोबर काहीच केलं नाही. "शेजाऱ्याला पटवा," एवढंच. मागच्या बाकावर खानापूरकडची एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "वेग शून्य झाला गं, पण पृथ्वीची ओढ थांबली काय? थांबली असती तर दगड वरच लटकला असता की!" पुढच्या बाकावर हाच वाद कन्नडमध्ये. पाच मिनिटांनी पुन्हा कार्डं वर : ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने.

ही पीअर इन्स्ट्रक्शन, म्हणजे मुलांनीच एकमेकांना समजवायची पद्धत हार्वर्डच्या एरिक माझूर यांची, १९९० च्या दशकातली. सूत्रं वापरून गणितं सोडवणारी त्यांची मुलं साध्या संकल्पनेवर अडखळली, तिथून ती निघाली. पण आमच्याकडे दहावीपर्यंत मराठी नाहीतर कन्नड आणि मग एकदम इंग्रजी पुस्तक. आमची मुलं गप्प बसतात ती न समजल्याने कमी, इंग्रजीच्या धास्तीने जास्त. शेजाऱ्याशी बोलायला धास्ती कसली?

सर आणि मी आठ वर्षं स्टाफरूममध्ये एकच कपाट वापरतो. ते असं शिकवतात हे मला माहीत नव्हतं. एफडीपीची (प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची) सर्टिफिकेटं मात्र नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाइलीत दोघांचीही नीट लावलेली. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या पेपर तपासणीला निपाणी, चिकोडी, खानापूरचे सगळे भेटतो, चहावर बोलतो ते टीए-डीएचं, म्हणजे प्रवासभत्त्याचं. वर्गात काय जमलं, काय फसलं, हे कुणी काढत नाही. फसलेलं तर नाहीच.

म्हणून माझं फसलेलं सांगते. हीच पद्धत करून बघायला मी माझ्या अर्थशास्त्राच्या वर्गात विचारलं, टोमॅटोचा भाव वाढला तर मागणी घटेल का? सगळ्यांचं एकच कार्ड, चर्चा खलास. सर मागच्या बाकावर बसले होते. म्हणाले, "मॅडम, प्रश्न लईच सोपा झाला. पहिल्या फेरीत तीस ते सत्तर टक्के बरोबर आले तरच भांडणाला मजा." दुसऱ्या दिवशी विचारलं, भाव वाढल्यावर मागणीचा वक्र (कुठल्या भावाला किती मागणी, ती रेघ) सरकतो, की आपण त्याच वक्रावर वर जातो? वर्ग उभा फुटला. या वेळी दटावायला हिंदीच्या मॅडम आल्या. त्यांनाही बसवून घेतलं.