इंटेल भरवशाचा, एएमडी तापतो... अजून हेच चालूय?

कुणी पीसी असेंबल करायचा म्हणून विचारलं की पहिली कमेंट ठरलेली, "डोळे झाकून इंटेलचा प्रोसेसर घे, एएमडीचा तापतो." अरे बाबांनो, हे २००१ च्या एएमडीच्या अ‍ॅथलॉनबद्दल ठीक होतं, चालू मशीनचा हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) काढला की चिप जळायची आणि इंटेलचा पेंटियम ४ स्पीड कमी करून तग धरायचा. आता त्याला जमाना झाला.

इंटेलच्या १३व्या-१४व्या जनरेशनचं काय झालं ते आठवा ना. आय-नाइन १४९००के, एवढा महागडा प्रोसेसर, गेम चालू केला, शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) कंपाइल व्हायला लागले की मेसेज यायचा "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी", ते पण २४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असताना! लोक कार्डाला शिव्या घालतायत, ड्रायव्हर काढतायत टाकतायत, आणि दुखणं प्रोसेसरमध्ये. मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने कोअरमधलं क्लॉकचं सर्किट हळूहळू झिजत होतं. इंटेलचं आधी बोट मदरबोर्डवाल्यांच्या सेटिंगकडे, मग ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोडचा अपडेट, वॉरंटी ३ ची ५ वर्षं. पण झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. माझा राग बिघाडावर कमी आणि या उशिरावर जास्त आहे.

एएमडी काय धुतल्या तांदळाचा नाही. २०२३ मध्ये त्यांचा ७८००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, तिथेही व्होल्टेजच. फक्त त्यांनी काही आठवड्यांत एसओसी व्होल्टेजला (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं व्होल्टेज) १.३ व्होल्टची मर्यादा घालून नवे बायोस (मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) आणले. २०२५ मध्ये ९८००एक्स३डी मेल्याच्या तक्रारी आल्या, त्यातल्या बऱ्याचशा एकाच कंपनीच्या बोर्डांवरच्या. म्हणजे चिप बघताना बोर्ड पण बघा.

तरी आज डेस्कटॉपसाठी विचाराल तर मी एएमडीच सांगीन. आणि ओएलएक्सवर किंवा लॅमिंग्टन रोडला कुणी स्वस्तात इंटेलचा जुना १३९००के (१३वी जनरेशन) देत असेल तर हात जोडून पुढे चला, आधीच्या मालकाने किती व्होल्टेजवर पिळलाय ते कुणाला माहीत! बॉक्सवाला आहे का ट्रे (खोक्याशिवाय सुटा), बिल आहे का, वॉरंटी कुठवर, एवढं तरी विचारा.

घरात ऑलरेडी १३वी-१४वी जनरेशन असेल तर आज रात्रीच बायोस अपडेट करा, इंटेल डीफॉल्ट सेटिंग ऑन करा, आणि मग या कमेंटमध्ये भांडायला.