दोन कॉम्प्युटर जोडल्यानं मॉनिटर जळत नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तिघांनी टाकला: ‘एका मॉनिटरला दोन कॉम्प्युटर जोडू नका, दोन्हीकडचा करंट एकत्र येऊन पोर्ट जळतो. नो सिग्नल आलं की मॉनिटर गेला समजा. जोडायचेच असतील तर स्प्लिटर आणि सोन्याचा मुलामा असलेली महाग केबल घ्या.’ तो वाचून शेजारचे काका मुलीच्या ऑफिसच्या लॅपटॉपसाठी दुसरा मॉनिटर आणायला निघाले. घरात चांगला मॉनिटर असताना! म्हणून हे लिहितोय.

आधी करंटचं. मॉनिटरच्या मागे एकापेक्षा जास्त पोर्ट दिलेले असतात ते याचसाठी. प्रत्येक पोर्ट हा वेगळा इनपुट, आणि मॉनिटर एका वेळी त्यातला एकच पडद्यावर दाखवतो. एचडीएमआय केबलमधून, म्हणजे चित्र नेणाऱ्या नेहमीच्या केबलमधून, कॉम्प्युटर ५ व्होल्ट देतो, तेही मॉनिटरची ओळख वाचण्यापुरते.

पण पोर्ट जळाल्याच्या सगळ्याच गोष्टी खोट्या नाहीत. बऱ्याचदा त्यामागे असतं अर्थिंग. डेस्कटॉपच्या एसएमपीएसमधल्या (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरमधून किंचित वीज कॅबिनेटवर येते आणि अर्थच्या वायरीतून निघून जाते. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटवर साधारण ११५ व्होल्ट दाब राहू शकतो. हात लावला की झिणझिण्या येतात त्या याच्याच. अशा वेळी चालू मशिनला केबल खुपसली तर तो दाब कनेक्टरमधून उतरतो आणि पोर्टला इजा होऊ शकते. हे एकाच कॉम्प्युटरनंही होतं. थ्री-पिन प्लगला टू-पिन कन्व्हर्टर लावू नका, आणि सॉकेटमागे अर्थची वायर खरंच जोडली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. भाड्याच्या जुन्या घरांत तर नक्कीच. केबल लावताना बटणं बंद ठेवा.

आता ‘नो सिग्नल’. याचा अर्थ इतकाच, की निवडलेल्या इनपुटवर आत्ता चित्र येत नाहीये. काकांकडे हेच झालं होतं. लॅपटॉप झोपला की मॉनिटर आपणहून दुसरा इनपुट शोधायला जायचा, तिकडे डेस्कटॉपही झोपलेला, मग मॉनिटरही झोपायचा. मुलगी लॅपटॉप जागा करायची, पण मॉनिटर डेस्कटॉपच्या इनपुटवर अडकलेला. मॉनिटरच्या मेनूत इनपुटची ऑटो निवड बंद केली, डीप स्लीप (मॉनिटरनं गाढ झोपी जाण्याची सेटिंग) बंद केलं, आणि इनपुट हातानं बदलायला शिकवलं. दहा मिनिटांचं काम होतं. तरीही चित्र आलं नाही तर विंडोजवर विंडोज-की आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ किंवा ‘एक्स्टेंड’ निवडलंय का ते पाहा. मॉनिटरचा प्लग काढून मिनिटभर थांबून परत लावणं हा उपायही कधीकधी खरंच लागू पडतो.

डिस्प्लेपोर्टवर (चित्र नेणारा एचडीएमआयसारखाच दुसरा पोर्ट) आणखी एक त्रास होतो: इनपुट बदलला की काही मॉनिटर पहिल्या कॉम्प्युटरला ‘मी गेलो’ असं कळवतात आणि उघड्या खिडक्या लॅपटॉपच्या पडद्यावर उड्या मारतात. विंडोज ११ मध्ये खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायची सेटिंग आहे, ती चालू ठेवा.

स्प्लिटरचा सल्ला तर थेट उलटा आहे. स्प्लिटर एका कॉम्प्युटरचं चित्र दोन पडद्यांवर नेतो. आपल्याला हवा दोन कॉम्प्युटरमधला एक निवडून त्याचं चित्र एका पडद्यावर आणणारा एचडीएमआय स्विच, आणि तोही मॉनिटरला मोकळा पोर्ट उरला नसेल तरच. कीबोर्ड-माउसही एकच ठेवायचा असेल तर केव्हीएम स्विच घ्या.

केबलला सोन्याचा मुलामा दिल्यानं चित्र उजळत नाही. बघायची ती क्षमता: ४के पडदा ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) चालवायला एचडीएमआय २.० ची, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिटची केबल लागते, आणि मधला स्विचही तेवढ्याच क्षमतेचा लागतो. जुन्या एचडीएमआय १.४ वर ४के ३० हर्ट्झलाच थांबतं, माउस अडखळत चालल्यासारखा दिसतो. टाइप-सीचंही तसंच, मोबाइलच्या चार्जरसोबतच्या केबलमधून बहुधा चित्र जातच नाही, आणि लॅपटॉपच्या प्रत्येक टाइप-सी पोर्टमधूनही येत नाही.

पोर्ट खरंच गेलाय का, हे ओळखायचं असेल तर तीच केबल आणि तोच कॉम्प्युटर मॉनिटरच्या दुसऱ्या पोर्टला लावा आणि मेनूत त्या दुसऱ्या पोर्टचा इनपुट निवडा. तिथे चित्र आलं आणि पहिल्या पोर्टवर, दुसरा कॉम्प्युटर लावूनही, आलं नाही, तर दुरुस्तीवाल्याकडे न्या.