कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकाबद्दलचा तो फॉरवर्ड खोटा आहे

गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांच्या फोनवर एक मेसेज फिरतोय. आता तो आमच्या आत्येपर्यंत पोचलाय, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज म्हणतो: पावसाळी वेळापत्रक (पावसात गाड्या हळू चालवायच्या म्हणून बदललेल्या वेळा) ही मालगाड्यांना वाट द्यायची युक्ती आहे, दरडी आता पडत नाहीत, मार्ग दुहेरी झालाय, आणि ‘वेळा फक्त कागदावर बदलतात, नेहमीच्या वेळेलाच स्टेशनवर जा.’

शेवटचं वाक्य सगळ्यात घातक. वेळा खरोखर बदलतात. मुंबईहून सुटायची वेळ बऱ्याच गाड्यांची तीच राहते, पण चिपळूण-कणकवलीला गाडी उशिरा येते. परतीच्या कित्येक गाड्या मात्र मडगाव-मंगळूरकडून लवकर सोडतात. जुन्या वेळेच्या भरवशावर वाडीतून रिक्षा सांगितली, तर फलाटावर पोचेपर्यंत गाडी गेलेली असते. मध्यरात्रीच्या आसपासची गाडी असेल तर वेळेबरोबर तारीखही सरकू शकते. १३९ या रेल्वेच्या चौकशी क्रमांकाला विचारा किंवा एनटीईएसवर (गाड्यांच्या वेळा दाखवणारी रेल्वेची साइट-अ‍ॅप) गाडी क्रमांक टाकून आपल्या स्टेशनची वेळ बघा. मुंबई-मडगाव वंदे भारतचंच बघा ना. एरवी ती पावणेआठ तासांत पोचते आणि तोच रेक (म्हणजे तेच डबे) त्याच दिवशी परततो. पावसाळ्यात दहा तास लागतात, परतफेरी त्या दिवसात बसत नाही, म्हणून आठवड्याला सहाऐवजी तीनच दिवस धावते.

‘दरडी पडत नाहीत’ म्हणे! १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि गाड्या जवळपास दिवसभर ठप्प होत्या. जांभ्यातून पाणी झिरपतं, खालची चिकणमाती भिजून फुगते आणि उतार सुटतो. कातळांमधली माती वाहून गेली की धोंडे निसटतात. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ ला करंजाडीजवळ असेच धोंडे रुळावर आले आणि माणसं गेली. त्यानंतर डोंगरांना जाळ्या लागल्या, उतार कापले गेले, तरी धोका शून्यावर आलेला नाही. कोकण रेल्वेचंच पावसाळी पत्रक वाचा: वीर ते कणकवली ताशी ७५ किमी, मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर ४०, आणि गस्तीला सहाशेहून जास्त माणसं. वळणावरच्या कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, धोंडा दिसतो तो हेडलाइटच्या झोतात आल्यावरच. १२० चा वेग ७५ वर आणला की त्याच ब्रेकवर थांबायचं अंतर साधारण ४० टक्के उरतं, ४० वर आणला की नवव्या हिश्श्यावर येतं.

दुहेरी मार्ग फक्त रोहा ते वीर, सुमारे ४६ किमी. पुढे एकेरीच, समोरच्या गाडीला वाट द्यायला क्रॉसिंगला थांबावंच लागतं. मालगाड्याही त्याच रुळांवर, त्याच पावसात धावतात.

एक मान्य करावं लागेल. ऑक्टोबरात कोरडं ऊन पडलेलं असतानाही गाडी रडतखडत जाते, तो राग खोटा नाही. पूर्वी हे वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. आणखी किती आखडता येईल, हे रेल्वेला जरूर विचारा.