पेनड्राइव्हसारखी चालेल म्हणे!

“पेनड्राइव्हसारखी चालेल” हे वाक्य यापुढे माझ्यासमोर कोणी उच्चारलं, तर त्याला चैत्रातल्या दुपारी दोन वाजता अमळनेर स्टेशनपासून माझ्या घरापर्यंत अनवाणी चालवत आणीन. आत्ताच सांगून ठेवतो.

काम एवढंसं होतं. जुना कॉम्प्युटर गेला, नवा लॅपटॉप आला. जुन्यातली हार्ड डिस्क बाहेरून जोडायची आणि आतलं सामान नव्यात घ्यायचं. संध्याकाळच्या चहापर्यंत उरकेल असं वाटलं होतं. लागले नऊ दिवस. दोन केसिंग (म्हणजे डिस्क आत घालून यूएसबीने जोडायचे डबे), जळगावची एक फेरी, तेवीसशे रुपये, आणि घरात तीन दिवस अबोला.

मुळात जुन्या कॉम्प्युटरला काही धाड भरली नव्हती. २०१२ चा डेस्कटॉप. पंखा घरघरायचा, पण चालायचा. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि ११ घ्यायला गेलो तर उत्तर आलं की तुमच्या मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप नाही. तेरा वर्षं निमूट राबलेला बैल, आणि बाजारात विचारतात, कानात बिल्ला आहे का! दुकानदाराने चेहरा असा केला जणू घरात गॅस गळतोय. “सर, आता हे वापरणं धोक्याचं.” सुरक्षेचे अपडेट घरगुती वापरासाठी आणखी वर्षभर, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येत होते, हे मला लॅपटॉपचा पहिला हप्ता गेल्यावर कळलं. त्याला तेव्हाही माहीत असणार. असो. जुनं खोकं त्याने एक्सचेंजमध्ये घेतलं, बाराशे वजा केले, आतली डिस्क काढून फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि प्रसाद दिल्यासारखी माझ्या हातात ठेवली. “यात तुमचा सगळा डेटा. एक केसिंग लावा, पेनड्राइव्हसारखी चालेल.”

त्या डेटात काय होतं ते सांगतो, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल. ताईच्या लग्नाचे फोटो, वडिलांनी जमवलेली शेतीची कागदपत्रं, ते सगळं होतंच. पण आजीची गाणीही होती. २०१३ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजीला झोक्याजवळ बसवून मी माझ्या त्या बटणांच्या फोनवर गौराईची गाणी रेकॉर्ड केली होती. आजी आता नाही, तो फोनही नाही. ताई शहाद्याहून आखाजीला माहेरी येणार होती आणि तिने महिनाभर आधीच फर्मान काढलं होतं की या वेळी पोरींना आजीचा आवाज ऐकवायचाच. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “ताई, सगळं आहे माझ्याकडे.” दुसरी कॉपी काबरं नव्हती, असं विचारणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरातलं सांगावं.

तर केसिंग. पहिलं इथूनच घेतलं. “हार्ड डिस्कचं केसिंग द्या” म्हटलं, त्याने दिलं. कुठली डिस्क, केवढी, एक शब्द विचारला नाही. घरी येऊन बघतो तर केसिंग माझ्या तळहाताएवढं आणि डिस्क विटेएवढी. लॅपटॉपची डिस्क अडीच इंची असते, डेस्कटॉपची साडेतीन इंची. हे त्याला माहीत नसेल? रोज विकतो तो! परत न्यायला गेलो तर “सील फोडलं ना सर तुम्ही.” अरे बाबा, सील फोडल्याशिवाय डिस्क आत कशी घालायची, मंत्र म्हणून?

मग जळगाव. सकाळची गाडी, उभ्याने प्रवास, बाहेर त्रेचाळीस डिग्री. तिथे एका मुलाने मात्र नीट सांगितलं, त्याचं भलं होवो. यूएसबीच्या भोकातून पाच व्होल्ट येतात. अडीच इंची डिस्क तेवढ्यावर फिरते. साडेतीन इंचीच्या मोटरला बारा व्होल्ट लागतात, म्हणून तिच्या केसिंगबरोबर भिंतीत खोचायचा वेगळा अॅडॅप्टर येतो. आता सांगा, ज्या वस्तूला स्वतःचा प्लग लागतो, स्वतःची वायर लागते, टेबलावर वीतभर जागा लागते, ती पेनड्राइव्हसारखी कशी? म्हैस घरी आणून “मांजरीसारखी सांभाळा” म्हणण्यातला प्रकार हा.

जोडली. घुर्रर्र करून फिरली. लॅपटॉपने टुडुंग केलं. माझा जीव भांड्यात पडला. स्क्रीनवर एकाच्या जागी तीन ड्राइव्ह आले. पहिला उघडला तर ‘सिस्टिम रिझर्व्ड’ नावाचा शंभर एमबीचा कप्पा, त्यात माझ्या कामाचं काही नाही. (डिस्कवर ५०० जीबी छापलंय, बेरीज येते ४६५. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने. दूधवाल्याने असं माप ठेवलं असतं तर गल्लीने त्याची कॅन उलथी केली असती.) दुसरा उघडला. युजर्स. माझं नाव. क्लिक केलं.

“या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला परवानगी नाही.”

माझं फोल्डर. माझं नाव वर लिहिलेलं. आत माझ्या आजीचा आवाज. आणि मला परवानगी नाही!

दोन रात्री वाचून जे कळलं ते असं की जुन्या कॉम्प्युटरने मालक म्हणून माझं नाव कधी लिहिलंच नव्हतं. त्याने लिहिला होता एस-१-५-२१ पासून सुरू होणारा लांबलचक आकडा. तो आकडा प्रत्येक कॉम्प्युटरवर नव्याने बनतो. नव्या मशीनवर तुम्ही तेच नाव घ्या, तोच पासवर्ड ठेवा, त्याच्या लेखी तुम्ही परके. मालकाच्या रकान्यात ‘अनोळखी खातं’ असं दिसतं. सातबारावर आजोबांचं नाव, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, वारस नोंद झालेली नाही. तुम्ही शेतात उभे, पीक तुमचं, विहीर तुमची, आणि कागद म्हणतो तुम्ही कोण? तसंच. तलाठ्याकडे निदान ओळखीचा माणूस असतो.

इथे फेरफार आपणच करायचा. प्रॉपर्टीज, मग सिक्युरिटी, मग अॅडव्हान्स्ड, मग मालकापुढचं ‘चेंज’, आपलं नाव, आणि खाली आतल्या सगळ्या फोल्डरांनाही हाच मालक लावा अशी बारीक अक्षरातली खूण. ती विसरलात की दार उघडतं पण खोल्यांना कुलूप राहतं. आणि यातली संतापाची गोष्ट ऐका. हा फेरफार कोणीही करू शकतो. डिस्क चोरून नेणाराही त्याच्या लॅपटॉपवर हीच चार बटणं दाबून मालक होतो. म्हणजे हे कुलूप चोराला अडवत नाही. अडवतं फक्त मला, वडिलांच्या जुन्या खुर्चीत बसून घाम पुसणाऱ्याला.

बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकू लागली. एकेका फायलीचा मालक बदलत होता. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला.

आणि लाइट गेली.

लॅपटॉप चालूच, त्याला बॅटरी आहे. डिस्क मात्र भिंतीवर जगत होती ना, बारा व्होल्टवाली! ती फिरता फिरता टक् करून थांबली. पट्टी जागच्या जागी गोठली. आमच्या घरात इन्व्हर्टर आहे, पण तो पंखे आणि दिव्यांच्या लाइनला. टेबलाजवळचा पॉइंट त्यावर नाही, कारण वायरमनने तेव्हा म्हटलं होतं, “तिथे काय लागतं भो तुम्हाला?”

वीस मिनिटांनी लाइट आली, मिणमिणत, बल्ब पिवळा. डिस्क घुरघुरली. टुडुंग. आणि मग स्क्रीनवर ते वाक्य आलं. “ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करणं गरजेचं आहे. फॉरमॅट करायची का?”

खाली बटण. निळ्या चौकटीतलं. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणं. एंटर दाबलं की फॉरमॅटची खिडकी उघडते, तिथेही हो हो म्हणत गेलात की काम तमाम.

मला त्या वाक्याच्या भाषेचा राग आहे. मशीनला डिस्क वाचता येत नाहीये, एवढंच सत्य आहे. मग तसं सांग! “मला वाचता येत नाही, वायर बघा, करंट बघा” असं म्हण. ते सोडून “फॉरमॅट करायची का?” डॉक्टरला नाडी सापडली नाही म्हणून त्याने नातेवाइकांना विचारावं, “तिरडी बांधायची का?” आणि आवाज इतका गोड की माणूस हो म्हणून बसेल. किती जणांनी त्या निळ्या बटणावर लग्नं, बारशी, मेलेल्या माणसांचे आवाज पुसले असतील.

माणसं तरी शहाणी असावीत? पुण्यातला भाचा आयटीत आहे. फोन केला. “मामा, फॉरमॅट मारा ना, एकदम फ्रेश होईल.” अरे, फ्रेश मला नकोय, मला शिळंच हवंय! शेजारचे जिभाऊ ओट्यावरून म्हणाले, “फॉरमॅट करून पाह्य ना भो, माझ्या मोबाइलचं तेच केलं.” ज्याने केसिंग विकलं तो फोनवर म्हणाला, “सर, फॉरमॅट करा, मग रिकव्हरीवाल्याकडे द्या, आठ हजारात काढून देतो माणूस.” म्हणजे आधी विहिरीत उडी मारा, मग दोरीवाला आमच्या ओळखीचा आहे. बायको म्हणाली, मोबाइलमध्येच रेकॉर्डिंग का नाही ठेवलं. त्यावर मी जे बोललो त्यातून तो अबोला निघाला. आणि माय दर तासाला दारात येऊन विचारणार, “काय व्हयनं रे? तो डब्बा उघडस का नई?”

तीन दिवस मी काहीच केलं नाही. वायर काढून डिस्क कपाटात ठेवली. आता वाटतं, नऊ दिवसांत शहाणपणाचं तेवढंच काम झालं.

चौथ्या रात्री, गावाचा विजेवरचा भार कमी झाल्यावर, समोरच्या खोलीतल्या पंख्याच्या बोर्डावरून, म्हणजे इन्व्हर्टरच्या लाइनवरून, एक्स्टेंशन ओढलं. आधी अॅडॅप्टर लावला. डिस्कचा आवाज स्थिर होईपर्यंत थांबलो. मग यूएसबी, तीही एका भोकाची चार करणाऱ्या हबमधून नाही, थेट लॅपटॉपला.

तिन्ही ड्राइव्ह आले. सगळं जागच्या जागी.

म्हणजे ‘फॉरमॅट करणं गरजेचं’ असलेल्या डिस्कला फक्त नीट करंट हवा होता. एवढंच! तिथे कोणी अख्खं गाव जाळायला काडी देत होतं, आणि रोग होता मिणमिणत्या लाइटचा.

या वेळी अख्ख्या डिस्कची मालकी मागितली नाही, फक्त ‘आजी’ नावाच्या फोल्डरची. दहा सेकंदांत मिळाली. आधी गाणी उचलून लॅपटॉपवर घेतली, मग पेनड्राइव्हवर, खऱ्या पेनड्राइव्हवर, आणि मगच डिस्कच्या दुरुस्तीची कमांड चालवली, कारण आजारी डिस्कवर ती आधीच चालवली तर उरलंसुरलंही जाऊ शकतं. तिने बऱ्याच नोंदी दुरुस्त केल्या. बाकीचं सामान रात्रभर उतरत राहिलं.

गाण्यांच्या फायली किती होत्या माहितीय? अडतीस. सगळ्या मिळून सतरा एमबी. सतरा! सकाळी सुप्रभातची फुलं आणि गणपती मिळून माझ्या व्हॉट्सअॅपवर याहून जास्त येतं. एवढ्यासाठी नऊ दिवस, तेवीसशे रुपये, आणि त्रेचाळीस डिग्रीत जळगाव.

पहिल्या फाइलवर क्लिक केलं. “ही फाइल उघडता येत नाही.”

मी ओरडलो नाही. खरंच नाही. फक्त हातातला स्टीलचा पेला जमिनीवर ठेवला, जरा जोरात. जुने फोन आवाज एएमआर नावाच्या प्रकारात साठवायचे, त्यात आवाज चिमटून चिमटून बसवलेला असतो, म्हणून तर फायली एवढ्याशा. नव्या लॅपटॉपच्या प्लेअरला तो प्रकार ठाऊकच नाही. व्हीएलसी उतरवून घेतला, फुकट मिळतो, आणि त्याने एका दमात लावलं. आधी झोक्याच्या कड्यांची कुरकुर, मग कोणीतरी खोकलं, मग आजी. माय आतून उठून आली, आणि एकदाही डब्ब्याचं नाव न काढता उंबऱ्यावर बसली.

रात्रीचे दोन वाजले होते. डिस्क काढून ठेवू म्हटलं. ‘इजेक्ट’ दाबलं.

“हे उपकरण सध्या वापरात आहे. प्रोग्राम बंद करून पुन्हा प्रयत्न करा.”

कोण वापरतंय? घरात जागे फक्त मी आणि माय. प्रोग्राम सगळे बंद. पुन्हा दाबलं, तेच. पाच मिनिटांनी, तेच. शेवटी वैतागून लॅपटॉपच शटडाउन केला, म्हटलं बंद झाला की ओढून काढतो.

तर स्क्रीनवर गोल गोल फिरायला लागलं. अपडेट चालू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका. चार टक्के.

आणि वरचा बल्ब पिवळा पडला.