सोमवार लागायच्या आत

चूक माझीच. आखाडातल्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे ४१ माणसं जेवायला येणार हे ठरलं, तेव्हा मी गप बसायला पाहिजे होतं. आमच्या लातुरात आखाडाचं जेवण कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. काळ्या मसाल्याचा रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू, आणि हात धुतल्यावर बैठकीत ओळीने आडवे झालेले पाहुणे. पण भाकरी थापायला मी आणि धाकटी जाऊ, दोघीच. माणशी दोन धरल्या तरी ८२ भाकरी. त्या आकड्याने माझी मती फिरली आणि मी तोंड उघडलं, "यंदा स्लायडर करू की."

"घसरगुंडी?" मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेपर खाली केला.

मग मी समजावून सांगितलं. स्लायडर म्हणजे तळहातात मावणारा बर्गर. अमेरिकेतल्या विचिटा गावात १९२१ साली व्हाइट कॅसलवाल्यांनी असे चिमुकले बर्गर विकायला काढले, त्याच जातीचा. भट्टीत भाजायचा प्रकार हा त्याचा आळशी भाऊ. बारा पाव सुटे करायचेच नाहीत. जोडलेले तसेच मधून आडवे चिरायचे, खालच्या थरावर चीज, मटण, कांदा, ढोबळी मिरची, परत चीज, वर झाकण, झाकणावर लसणाचं लोणी, आणि अख्खी लादी भट्टीत.

"म्हणजे लादी पाव," आत्याबाई म्हणाल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, आणि आमच्या आत्याबाई कुठलाही विषय दोन शब्दांत बसवतात.

"लादी पावच, पण..."

"आन् रस्सा?"

"रस्सा नसतो त्याला."

"मग गिळायचं कशानं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्वारीच्या कट्ट्याकडे बघून मी रेटून नेलं.

हे सारण मी उचललं होतं फिली चीजस्टेकवरून, आणि त्या मूळ पदार्थात स्टेक, म्हणजे गोमांस असतं. १९३० च्या सुमारास फिलाडेल्फियात ऑलिव्हिएरी नावाच्या दोघा भावांनी गाड्यावर मांसाचे पातळ काप कांद्याबरोबर परतून लांब पावात भरले, तिथून ही भानगड सुरू झाली. चीज तर त्यात मागाहून आलं. ते मांस आपल्याकडे २०१५ च्या कायद्याने बंद, आणि आमच्या घरात आत्याबाईंच्या कायद्याने त्याच्या कितीतरी आधीपासून. तेव्हा बोकडाचं मटण. कागदावर सगळं सोपं दिसत होतं. फक्त एक अट होती: जे काय करायचं ते रविवारीच संपलं पाहिजे. सोमवारी आमच्याकडे कुणी खात नाही, मंगळवारी दिव्याची अवस, बुधवारपासून श्रावण. उरलं तर महिनाभर त्याच्याकडे बघत बसायचं.

रविवारी सकाळी सहाला खाटकाकडे रांगेत उभी राहिले. आखाडातली रांग ती, लग्नाच्या पंगतीसारखी. नंबर सोडून कुणी हलत नाही. माझी पाळी आल्यावर म्हणाले, "आठ किलो. मांडीचं. आन् हाडं काढून द्या."

सत्तूर हवेतच थांबला. "हाडं काढून?"

मागून एकाने विचारलं, "पाहुणे लई म्हातारे हायेत का ओ ताई?"

रांग हसली. खाटीक हसला नाही. त्याने मुकाट्याने मांस सोडवलं, नळ्या वेगळ्या पिशवीत भरल्या, पिशवीला गाठ मारली आणि माझ्या हातात देत म्हणाला, "हे बी घरी न्या. घरात कुणीतरी शहाणं असंलच."

घरी येऊन मटण तासभर फ्रीजरमध्ये ठेवलं. अर्धवट गोठलेलं मांस पातळ चिरता येतं, ही गोष्ट खरी आहे. पण चिरणाऱ्याची बोटंही अर्धवट गोठतात, हे कुणी सांगत नाही. दोन तास मी आणि जाऊ आळीपाळीने बोटं कोमट पाण्यात बुडवत कागदासारखे काप काढत होतो. मग चार काप तव्यावर परतून बघितले. कोल्हापुरी चप्पल. चव मटणाची, पण चावायला चप्पल. ते मऊ मांस वेगळं आणि माळावर चरलेला आपला बोकड वेगळा. शेवटी सगळे काप कुकरमध्ये गेले. चार शिट्ट्यांनी झाकण उघडलं, तर कापांचे धागे झालेले.

आत्याबाईंनी वाकून पातेल्यात बघितलं. "शिजवायचंच होतं तर चिरीत कशाला बसलाव?"

तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "नळ आला!"

२०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आणलेलं पाणी प्यायलेलं गाव आहे आमचं. नळ आला म्हटल्यावर लातूरकर हातातलं सोडतो, मग हातात लोणी असो नाहीतर लेकरू. घर रिकामं झालं. टाकी, पिंपं, हंडे, बादल्या, शेवटी प्रेशर कुकरचं मोकळं भांडंसुद्धा भरून आम्ही आत आलो, तेव्हा ओट्यावरच्या लाद्या उघड्या राहून वरून कडक झाल्या होत्या. काही हरकत नाही, वर लोणी लावायचंच होतं. लोणी लावायला ब्रश पाहिजे म्हणून मी सकाळीच ह्यांना दुकानात पाठवलं होतं. ह्यांनी दोन इंची, गेटला रंग द्यायचा ब्रश आणला होता. नवा होता, गरम पाण्याने धुतला, आणि लावला. झकास लागतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही, फक्त पाहुण्यांना सांगितलं नाही.

आता ओव्हन. ह्यांनी मागच्या दिवाळीत ऑफरमध्ये घेतलेला, त्यात एका वेळी एकच लादी बसते. बाराची एक, अशा आठ लाद्या, प्रत्येकीला १८० डिग्रीवर वीस मिनिटं. काढ-घाल धरून साडेतीन तास. जमण्यासारखं होतं. पहिली लादी आत गेली. वीस मिनिटांनी बघितलं, तर चीजचा तुकडा जसा ठेवला तसा, कोपरे शाबूत. आणखी पंधरा मिनिटांनी त्याला किंचित घाम आला.

हे लातूर पॅटर्नच्या गावात फिजिक्स शिकवतात. मीटरकडे बघून म्हणाले, "व्होल्टेज १७० वर आलंय."

"म्हणजे पाऊण टक्के ताकद आहे ना? मग वेळ थोडा जास्त लागंल."

"पाऊण टक्के नाही, तुला पाऊणपट म्हणायचंय. आणि पाऊणपट पण नाही." ह्यांचा चेहरा उजळला. घरात आजवर कुणी ह्यांना असा सरळ प्रश्न विचारला नव्हता. "शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० च्या जागी १७० म्हणजे जवळजवळ ४५ टक्के शक्ती गेली. हे परीक्षेत दरवर्षी..."

"आठ लाद्यांना किती तास?"

ह्यांनी पेन शोधायला घेतलं. मी ऑटो शोधायला निघाले.

गल्लीच्या तोंडाला लाकडावरची भट्टी असलेली बेकरी आहे. दिवाळीआधी आम्ही बायका मैदा, तूप, साखर घेऊन जातो आणि नानकटाई भाजून आणतो, म्हणून चाचांची ओळख. आठ ताटं मांडीवर आणि पायाशी घेऊन ऑटोतून उतरलेली मला बघून चाचांनी आधी ताटांवरचा पेपर उचलला, मग माझ्याकडे बघितलं.

"मटण है? पहले बिस्कुट निकलने दो. फिर."

म्हणून आम्ही थांबलो. शेवटची बिस्किटं निघाली. चाचांनी चिमूटभर मैदा भट्टीच्या तळाला फेकला आणि वाकून बघत राहिले. मैदा क्षणात काळा पडला. "अभी नहीं." पाचेक मिनिटांनी दुसरी चिमूट. करडी झाली. तिसरी चिमूट हळूहळू बदामी होत गेली, आमच्या आत्याबाई रवा भाजतात त्या रंगाची, आणि तिथेच थांबली. "अब." मी १८० डिग्री म्हणणार होते, पण ती चिमूट बघितल्यावर म्हणायचं धाडस झालं नाही.

लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर एकेक ताट आत गेलं. प्रत्येकावर चाचांनी रिकामं ताट पालथं घातलं, दहा-बारा मिनिटांनी झाकणं काढली. आणि तो वास आला. लोणी, लसूण, शेकलेला पाव, आणि सकाळपासून पहिल्यांदाच, मटणाचा. रस्त्यावरून जाणारी दोन पोरं थांबली. चाचांनी मजुरी नानकटाईच्या भावाने घेतली, वर एक स्लायडर. तो खाऊन त्यांनी मिशा पुसल्या आणि एवढंच विचारलं, "इसमें पनीर चलेगा क्या? श्रावन में?"

संध्याकाळी सातला पाहुणे बसले. काय सांगू! लादीतून एक पाव उचलला की चीजचा दोर शेजारच्या ताटापर्यंत जायचा, आणि दोन साडू त्या दोराच्या दोन टोकांना बसून हसत होते. लेकरांनी तिसरा, चौथा घेतला. नणंदेने फोटो काढले. ८४ स्लायडर बघता बघता संपले आणि मी पदराने कपाळ पुसून खुर्चीत टेकले.

मग थोरल्या मामंजींनी हात झटकले, मांडी नीट घातली आणि विचारलं, "नाष्टा लई झकास झाला बघ. जेवायला कधी वाढायलाव?"

मराठवाड्यात पावाने जेवण होत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. विसरले होते. पण आत्याबाई विसरल्या नव्हत्या. मागच्या अंगणातल्या चुलीवर दुपारपासून खाटकाची ती दुसरी पिशवी रटरटत होती, आणि जाऊ शहाण्यासारखी मुकाट्याने भाकरी थापत बसली होती. मीही पीठ ओढलं. ४१ माणसं परत जेवली. आत्याबाईंनी स्लायडरला हात लावला नाही. "मला नगं ते," म्हणाल्या, आणि भाकरी कुस्करली.

रात्री सगळे गेल्यावर हिशोब लागला. एक लादी उरली होती, चाचांच्या एका स्लायडरने उणी. मी ती झाकून ठेवली. सकाळी कामाच्या मावशींना द्यायची ठरवून आडवी झाले.

मध्यरात्री तहान लागली म्हणून उठले, तर स्वयंपाकघरात दिवा. आत्याबाई पाटावर. गॅसवर तवा, तव्यावर पालथं झाकण, झाकणाखाली दोन स्लायडर, आणि लादीत बघितलं तर आणखी तिघांची जागा मोकळी.

"आत्याबाई, सव्वाबारा वाजले. सोमवार लागला की."

त्यांनी झाकण उचलून चीज सुटलं का बघितलं.

"वार सूर्याबरोबर बदलतो, घड्याळाबरोबर न्हाई. बस खाली. आन् ती रश्श्याची वाटी इकडं सरकव."